वरचा उजवा कोपरा

त्या दिवशी सकाळी आई खिडकीपाशी वर्तमानपत्र पसरून नखं कापत बसली होती. तिचं ते दर आठवड्याचं ठरलेलं काम. कामावर ती दिवसभर ज्या केबल हाताळायची, त्यांच्या टोकाला प्लॅस्टिकची एक बारीक जीभ असते, ती दाबली तरच केबल खोबणीतून सुटते. वाढलेलं नख त्या जिभेखाली अडकतं आणि मुळापासून उचकटतं.

"महिनाअखेर घरी बसायचंय तुला. आता कशाला कापतेस?" बाबा स्वयंपाकघरातून म्हणाले.

"हो की. राहू देते. यापुढे तुमच्याशीच गाठ आहे, उपयोगी पडतील."

बाबा हसले. मी बुटांच्या नाड्या बांधत होते, मीही हसले. एवढंच. पुस्तकांत शेवटच्या दिवसावर आधीच सावली पडलेली असते. माणसं दारातून मागे वळून बघतात, वाक्यं अर्धवट सोडतात. आमच्याकडे तसं काही नव्हतं. डबे भरून झाले होते, आईला तिचा स्वेटर सापडत नव्हता, आणि तो माझ्याच अंगात आहे हे दोघींच्याही लक्षात यायला बराच वेळ लागला.

आम्ही दोघी एकाच ठिकाणी कामाला होतो. शहराच्या कडेला खिडक्या नसलेली एक इमारत आहे. आत माणसापेक्षा उंच लोखंडी रॅकच्या रांगा, प्रत्येक रॅकमध्ये एकावर एक रचलेले सर्व्हर, पंख्यांची अखंड घरघर आणि बारा महिने थंडी. बाहेरून बघणाऱ्याला ते गोदाम वाटतं. आई तिथे केबलच्या कामाची प्रमुख होती. मी नेटवर्कचे आराखडे करते. हॉलमध्ये सगळे तिला ताई म्हणायचे, म्हणून मीही ताईच म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. "ताई, तेवढं तिसऱ्या रांगेचं बघता का?" असं मी म्हटलं की ती चेहरा गंभीर ठेवून "बघते हं, मॅडम," म्हणायची. गाडीत बसलं की पुन्हा आई आणि तू. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, तसं पडून गेलं होतं.

त्या दिवशी गाडी मी चालवत होते. पहिल्या सिग्नलला आई म्हणाली, "आज साहेबांना सांगून टाकते."

"काय?"

"तुला माहितेय काय."

मला माहीत होतं.

"आई, जाऊ दे ना आता."

"कसं जाऊ दे? दुर्बीण तिकडे स्टोअरमध्ये खोकी मोजत बसलाय." दुर्बीण म्हणजे आमच्या हॉलमधला जाड चष्म्याचा माणूस, सगळे त्याला त्याच नावाने हाक मारायचे.

"तो काही तक्रार करतोय का?"

"तो कशाला करेल? त्याला वाटतंय, त्याचंच चुकलं."

"तुझा निरोपाचा कार्यक्रम होऊ दे. मग मी स्वतः जाऊन सांगते साहेबांना. शप्पथ."

"म्हणजे मी घरी बसल्यावर. मला कुणाच्या तोंडाकडे बघायला नको."

"तेच म्हणतेय मी. उगीच शेवटी शेवटी कशाला..."

वाक्य मी पुरं केलं नाही. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. आईने काच थोडी खाली घेतली, पुन्हा वर केली.

"बरं बाई," ती म्हणाली. "तू म्हणशील तसं."

तिला काय सांगायचं होतं ते कळायला आधी आमचा हॉल कळायला हवा.

पूर्वी प्रत्येक सर्व्हरच्या केबल रॅकमधून खाली उतरायच्या, उचलता येणाऱ्या फरशीखालून जायच्या आणि हॉलच्या टोकाच्या खोलीतल्या दोन अजस्र स्विचना मिळायच्या. स्विचचं काम सोपं आहे: आलेला निरोप कुणासाठी आहे ते बघायचं आणि त्याला त्याच्या वाटेला लावायचं. सगळ्या हॉलचे निरोप त्या एका खोलीतून जात. एकेका रॅकमधून मनगटाएवढी जाड जुडगी निघायची, आणि ती सगळी आईने आणि तिच्या माणसांनी वर्षानुवर्षं गुडघ्यांवर बसून घातली होती. आई केबल म्हणायची नाही, तार म्हणायची. तिच्या तारा बघायला लोक फरशी उचलायचे. वेणी घातल्यासारख्या.

पण फरशीखालून नुसत्या तारा जात नाहीत, थंड हवाही सोडलेली असते. रॅक वाढले, तारा वाढल्या आणि हवा कोंडायला लागली. शेवटच्या रांगांतले सर्व्हर तापू लागले. तेव्हा मी योजना मांडली की प्रत्येक रॅकच्या माथ्यावर त्याचे स्वतःचे दोन छोटे स्विच बसवायचे. सर्व्हरच्या केबल हातभर लांबीच्या, रॅकमध्येच सुरू होऊन रॅकमध्येच संपणाऱ्या. बाहेर जातील त्या फक्त फायबरच्या चार बारीक तारा. जुडगी जातील, फरशीखाली वारा खेळेल, मधल्या खोलीवरचा भार उतरेल.

मीटिंगमध्ये मी हे मांडलं तेव्हा सगळे माझ्याकडे न बघता आईकडे बघत होते. तिचा अख्खा जन्म त्या फरशीखाली होता.

"माझ्याकडे काय बघताय?" आई म्हणाली. "माझ्या तारांनी वारा अडवलाय हे मला कळत नाही का? काढा त्या."

मग काय, टोमण्यांना सुरुवात झाली. आईच्या हाताखालचा एक जुना गडी रोज नवीन आवेशाने तेच बोलायचा, "बघा, आईने घातलेल्या तारा लेक उपसतेय. कलियुग!"

"माझ्या पोटची आहे, माझ्याच उपसणार," आई म्हणायची. "तुझ्या उपसायच्या म्हटलं तर तू काही धड घातलंयस का आजवर?"

तो गडी खूश व्हायचा. हे ऐकण्यासाठीच तो बोलायचा.

आता ती चूक.

जुन्या रॅकच्या माथ्यावर, उजव्या कोपऱ्यात, एक कोरी पट्टी असायची. तिला केबलच्या खोबण्या होत्या, पण मागे काहीही जोडलेलं नव्हतं. काम करताना एखाद्या केबलचं एक टोक मोकळं राहिलं तर ते लोंबतं ठेवायचं नाही, त्या पट्टीत खोवून टाकायचं. म्हणजे ते पायात येत नाही, दारात चेपत नाही. हा नियम आईचा होता. नव्या माणसाला ती पहिल्या दिवशी हेच शिकवायची: लोंबतं टोक दिसलं की वरचा उजवा कोपरा. मी शाळेत असताना सुट्टीत तिच्याबरोबर आले होते, तेव्हा मलाही स्टुलावर उभं करून हेच शिकवलं होतं.

नव्या रचनेत त्याच कोपऱ्यात दुसरा स्विच आला. खोबण्या दिसायला तशाच, पण प्रत्येक खोबण जिवंत. पहिल्या स्विचमधून निघालेल्या केबलचं दुसरं टोक त्यांत खोवलं, तर दोन स्विचमध्ये एक नको असलेली वाट तयार होते. निरोप एका वाटेने जातो, दुसरीने परत येतो, पुन्हा जातो. दर फेरीला त्याच्या प्रती वाढत जातात, आणि बघता बघता खरे निरोप त्या गर्दीत गुदमरतात. असा फेरा ओळखून तोडायची सोय स्विचमध्ये असते. पण ती सबंध रांग हलवून झाल्यावरच चालू करायची, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. आणि तोवर माथ्यावरच्या खोबण्यांना कुणी हात लावायचा नाही, असंही.

ती रांग आम्ही एका रविवारी दुपारी हलवत होतो. तिच्यावर शहरातल्या बसची तिकिटं आणि काही दवाखान्यांचे तपासणी अहवाल चालायचे. काम जवळजवळ संपलं होतं. एकाएकी समोरच्या पडद्यावरच्या हिरव्या खुणा लाल होत गेल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कुणी दिवे मालवत निघाल्यासारख्या. साहेबांचा फोन वाजायला लागला. मी रांगेतून धावत गेले. एका रॅकच्या माथ्यावरचे सगळे दिवे वेड्यासारखे एकदम लुकलुकत होते, आणि उजव्या कोपऱ्यात एक केबल खोवलेली होती. नीट. टोकाला पीळ न पडू देता, हलका बाक देऊन. आमच्या हॉलमध्ये तसा बाक देणारं एकच माणूस होतं.

मी ती उपटली. दिवे थोड्या वेळाने शांत झाले, खुणा एकेक करून हिरव्या झाल्या. आई शेजारच्या रॅकपाशी स्टुलावर उभी होती. तिने माझ्या हातातली केबल बघितली, मग तो कोपरा बघितला. तिचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता इतका कोरा झाला, जसा झोपेतून उठवलेल्या मुलाचा होतो.

साहेब आले. "काय झालं? कुणी काय केलं?"

आईने तोंड उघडलं. त्याआधी मी म्हणाले, "वरचा स्विच खराब निघाला."

इतकं सोपं होतं ते. आत काय घडलं याच्या नोंदी वाचणारी मीच होते. दुसरं कुणी त्या वाचत नव्हतं. साहेबांनी तो स्विच काढायला लावला. मग ओघाने दुसरा प्रश्न आलाच, तो तपासला कुणी? तपासला होता दुर्बिणीने. जाड भिंगांचा चष्मा लावणारा, बसवण्याआधी प्रत्येक स्विच रात्रंदिवस चालवून बघणारा, स्वभावाने गरीब माणूस. साहेब त्याला सगळ्यांसमोर म्हणाले, "दुर्बीण लावूनही दिसत नाही तुला?" लोक हसले. दुसऱ्या दिवसापासून तो स्टोअरमध्ये. त्याने तो स्विच पुन्हा पुन्हा तपासला आणि मला येऊन सांगितलं, "दोष सापडत नाहीये. मलाच दिसत नसणार. तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंय म्हणजे असणारच."

मी म्हणाले, "होतं असं कधीकधी."

आईला वाचवायला मी बोलले, असं मी स्वतःला सांगत होते. खरं तसं नव्हतं. त्या क्षणी मला आईचं काय होईल हे सुचलं नाही. मला सुचलं ते पुढचं हसणं. लेकीने नवी पद्धत आणली आणि आईला ती झेपली नाही. म्हातारी जुन्या सवयीने हात मारून बसली. तो जुना गडी यावर काय म्हणेल ते मला शब्दन्‌ शब्द ऐकू आलं होतं. माझ्या आराखड्यात, माझ्या माणसांसमोर, माझी आई. मला तिची लाज वाटली. सगळं मिळून ती लाज एका श्वासाएवढी होती, आणि तेवढ्यात ते वाक्य बोलून झालं होतं.

घरी येताना गाडीत आई म्हणाली होती, "मला विचारलं तरी असतंस." त्यानंतर ती रोज काही ना काही निमित्ताने तिथेच यायची, आणि मी रोज विषय टाळायचे.

तर तो शेवटचा दिवस. आई हॉलमध्ये आली, स्वेटर चढवला, ताई झाली. सकाळभर तिने शेवटच्या रांगेतली जुनी जुडगी सोडवली. दुपारी डबा घेऊन ती स्टोअरकडे निघाली. त्या रविवारनंतर ती रोज तिकडेच जेवायची.

"ताई, आम्ही काय पाप केलं?" तो गडी ओरडला.

"तुझ्या डब्याला चव नाही," ती म्हणाली आणि गेली. जाताना माझ्याकडे तिने बघितलं नाही, आणि मला बरं वाटलं.

संध्याकाळी घरी आल्यावर ती बाबांशी पडद्यांच्या रंगावरून भांडली, टीव्ही लावून त्यासमोर पेंगली आणि "दिवा बंद करा गं कुणीतरी," म्हणत झोपायला गेली. दिवा मी बंद केला.

सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास झाला नसणार. पांघरुणाबाहेर तिचा उजवा हात होता. नखं अगदी कातडीपर्यंत कापलेली.

त्यानंतर घरात माणसं येत राहिली. चपलांचा ढीग, चहाचे पेले, हळू आवाज. मामा गादीवर बसून होता. हॉलमधली सगळी मंडळी येऊन गेली. तो जुना गडी तर उंबऱ्यातच बसला आणि लहान मुलासारखा रडला. "आता मला शिव्या कोण देणार?" असं काहीतरी म्हणत होता. त्या रविवारी मी मनातल्या मनात त्याच्या तोंडी घातलेलं ते न झालेलं हसणं मला आठवलं, आणि मी आत निघून गेले.

एकदा घरात दोघंच असताना बाबा म्हणाले, "काय गं, त्या दिवशी ती साहेबांना काय सांगणार होती?"

"कधी?"

"त्याच दिवशी. पहाटे उठून बसली होती. म्हणाली, आज सांगते आणि मोकळी होते. मी म्हटलं काय ते? तर म्हणाली, संध्याकाळी सांगेन. आणि संध्याकाळी पडद्यांचंच काढून बसली."

माझ्या हातात घडी घालायची चादर होती. मी चारी कोपरे नीट जुळवले.

"कामाचं असेल काहीतरी, बाबा."

त्यांनी मान डोलावली. माझ्यावर विश्वास ठेवायला त्यांना काही अवघड गेलं नाही.

मग दुर्बीण आला. इतरांबरोबर एकदा येऊन गेला होता. या वेळी एकटा आला. पिशवीत आईचा स्वेटर होता, धुऊन, घडी करून आणलेला.

"ताईंचा स्टोअरमध्ये राहिला होता. तिकडे थंडी नसते ना, तर त्या काढून ठेवायच्या जेवताना." तो खुर्चीच्या कडेवर बसला. "मला फार धीर दिला हो त्यांनी. रोज यायच्या. मी म्हणायचो, ताई, माझ्याबरोबर बसता, लोक काय म्हणतील? तर म्हणायच्या, लोकांचं मला सांगू नकोस, भाजी वाढ."

मी त्याला पाणी दिलं.

"शेवटच्या दिवशी मात्र जरा वेगळ्याच होत्या," तो म्हणाला. "विचारलं मला, तुला माझा राग येईल का रे? मी म्हटलं, कशाबद्दल? डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, सांगेन, पण आधी एकीला विचारायला हवं." तो थोडा हसला, चष्मा काढून पुसायला लागला. "मला वाटलं, रोज माझी भाजी संपवतात त्याबद्दल असेल."

त्याच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, त्यामुळे माझा चेहरा त्याला नीट दिसला नसावा. ती एवढी एक गोष्ट मला तेव्हा सोयीची वाटली. असं वाटल्याचं मला अजून आठवतं.

"तुम्ही जेवून जा," मी म्हणाले.

"नाही, नको. तुम्ही आराम करा." दारात तो थांबला. "तुम्ही परत येताय ना कामावर? साहेब तुमच्यासाठी थांबलेत. मोठी मीटिंग आहे."

मी कामावर गेले ती मीटिंगच्या दिवशीच, पण सकाळी जरा लवकर. हॉल रिकामा होता. आईने अर्धवट सोडवलेली शेवटच्या रांगेतली जुडगी तशीच होती, फरशीचे दोन चौकोन उचलून भिंतीला टेकवलेले. त्या खड्ड्यापाशी मी बसले. एका बाजूला, जिथे तिने तारा काढल्या होत्या, तिथून थंड हवा सुळ्ळकन तोंडावर येत होती. दुसऱ्या बाजूला, जिथे काढायच्या राहिल्या होत्या, तिथे हात धरला तर काहीच लागत नव्हतं.

स्वेटर माझ्या अंगात होता. मला वाटलं, निदान आजचा थोडा भाग संपवू. मी स्टूल घेतलं, रॅकच्या मागच्या बाजूने एक केबल सोडवली. तिचं एक टोक अजून माथ्यावरच्या स्विचमध्ये होतं, दुसरं माझ्या हातात आलं. मला खालची दुसरी केबल धरायची होती, हात मोकळा हवा होता. तेवढ्यात मनात काय चाललं होतं मला आठवत नाही. बहुधा काहीच नाही. माझा हात वर गेला. उजव्या कोपऱ्यात. खोबणीच्या तोंडाशी येऊन टोक कशाला तरी टेकलं आणि थांबलं.

त्या खोबण्यांवर आता पिवळी टोपणं बसवली होती. त्या रविवारनंतर लगेच. बसवली कुणी होती? आईनेच, तिच्या माणसांकडून, प्रत्येक रॅकवर. कुणी कारण विचारलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.

योजना माझी होती. प्रत्येक रॅकच्या त्या कोपऱ्यात दुसरा स्विच मीच काढला होता, कागदावर, माझ्या हाताने. आणि माझा हात टोपणाला टेकून उभा होता. टोपण नसतं तर तो आत गेला असता, आणि जाताना केबलला हलका बाकही दिला असता.

मी स्टुलावरच बसून राहिले. झेपली नाही, जुन्या सवयीने हात मारून बसली, असलं काहीच त्यात नव्हतं. तिथे शिकलेला कुठलाही हात तिथेच गेला असता. त्या रविवारी एवढंच बोलायला हवं होतं, आणि आई ते बोललीही असती, कदाचित स्वतःच सगळ्यांत आधी हसली असती. हसण्याची भीती मला होती, तिला नव्हती. मी तिचं ते वाक्य तिच्या तोंडातून काढून घेतलं होतं, आणि वर तिला सांगितलं होतं की हे तुझ्यासाठी.

मीटिंग वरच्या खोलीत होती. टेबलाच्या एका कडेला आईचा फोटो, ओळखपत्रावरचाच मोठा केलेला. सगळे होते, दुर्बीण दाराजवळ उभा होता, कारण त्याला बसायला कुणी सांगितलं नव्हतं. आधी सगळे उठून उभे राहिले, शांत. मग साहेब बोलायला लागले. ते आईबरोबर खूप वर्षं काम केलेले. त्यांचा आवाज खरोखर जड झाला होता.

"ताईंनी या हॉलमध्ये इतकी वर्षं तारा घातल्या. एक तार चुकली नाही. माणसाचा हात किती भरवशाचा असू शकतो, ते आपण त्यांच्याकडे पाहिलं. आणि यंत्रं," त्यांनी दाराकडे नजर टाकली, "यंत्रं दगा देतात, तपासूनसुद्धा. त्या रविवारी आपण पाहिलं. म्हणून मी असं ठरवतोय, की उरलेल्या रांगा हलवायच्या नाहीत. रॅकवरचे हे स्विच परत पाठवू, आणि हलवलेल्या रांगाही हळूहळू जुन्या रचनेवर नेऊ. सगळं मधल्या खोलीत, ताईंच्या पद्धतीने. त्यांना यापेक्षा चांगली श्रद्धांजली ती कोणती?"

लोकांनी माना डोलावल्या. तो जुना गडी डोळे पुसत होता. दुर्बीण खाली बघत होता, पावलांकडे.

मला सुळ्ळकन येणारा तो वारा आठवला, आणि दुसऱ्या बाजूला धरलेला, वारा न लागलेला हात. 'माझ्या तारांनी वारा अडवलाय हे मला कळत नाही का?' याच खोलीत म्हणाली होती ती.

साहेब माझ्याकडे वळले. "तू दोन शब्द बोल. बोलवत असेल तरच हं. घाई नाही."

मी उठले. गप्प बसणं फार सोपं होतं. आईचं नाव सगळ्यांच्या तोंडी इतकं उजळ होतं की त्यावर बोट ठेवणारी तिची मुलगीच असावी, हे मला सहन होत नव्हतं. एक तार चुकली नाही. मेल्यावर किती जणांबद्दल असं बोललं जातं? मी स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या. माझ्या हातांएवढ्या लांब नव्हत्या त्या, मनगटं उघडीच राहिली.

"ताईंनी..." मी म्हणाले, आणि पुढे जमेना. सगळ्यांना वाटलं, रडतेय. साहेब पाण्याचा पेला पुढे करायला लागले. मी मान हलवली.

"स्विच चांगला होता, साहेब. त्यात काही दोष नव्हता. ज्याने तो तपासला, त्याने बरोबर तपासला होता." दाराजवळ हालचाल झाली, मी तिकडे बघितलं नाही, आणि मग बघितलं. "त्या रविवारी एक टोक लोंबत होतं. ते उजव्या कोपऱ्यात खोवलं गेलं, नेहमीसारखं. तिथे आता स्विच होता. केबल मी स्वतः काढली, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले. ती सांगायला निघाली होती, रोज. मीच सांगू दिलं नाही. मला तिची लाज वाटली होती."

फोटोतली ती ओळखपत्रासाठी हसू दाबून बसली होती.

"ती तार आईने लावली होती," मी म्हणाले. "माझ्या आईने."